एकाच पोत्याचे तीन आकडे: उत्सर्जनाच्या हिशेबाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (हिंगणघाट, जिनिंग-प्रेसिंग चालक): एका सूतगिरणीने जीएचजी प्रोटोकॉलप्रमाणे, दुसऱ्या खरेदीदाराने आयएसओ १४०६४ प्रमाणे आणि तिसऱ्याने बीआरएसआरसाठी आमच्या उत्सर्जनाची माहिती मागितली आहे. तीन वेळा मोजणी करावी लागेल का?

मोजणी एकदाच करावी, मांडणी मात्र प्रत्येकाच्या नमुन्यानुसार करावी लागेल. जीएचजी प्रोटोकॉल आणि आयएसओ १४०६४ ही दोन्ही हरितगृह वायूंचे उत्सर्जन मोजण्याची मानके आहेत. जीएचजी प्रोटोकॉलचे कंपन्यांसाठीचे मानक २००१ मध्ये आले आणि २००४ मध्ये सुधारले गेले. ते उत्सर्जनाचे तीन गट, म्हणजे ‘स्कोप’, पाडते. आपल्या आवारात जळणारे डिझेल त्यात स्कोप १ मध्ये येते, विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये येते, आणि कापसाच्या शेतापासून भाड्याच्या ट्रकपर्यंतचे, आपल्या मालकीबाहेरचे सारे स्कोप ३ मध्ये जाते. आयएसओ १४०६४-१ ची २०१८ ची आवृत्ती हीच माहिती सहा वर्गांत विभागते. पहिले दोन वर्ग स्कोप १ आणि २ शी जवळपास जुळतात, उरलेल्या चारांत स्कोप ३ वाटला जातो. बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल) ही मुळात मोजण्याची पद्धत नव्हे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केलेला तो अहवालाचा नमुना आहे. आपली जिनिंग शेअर बाजारात नोंदलेली नसेल, तर हे बंधन आपल्यावर थेट येत नाही; पण आपले विजेचे उत्सर्जन हेच खरेदीदाराच्या स्कोप ३ चा भाग असल्यामुळे तो विचारणारच.

विजेची बिले, डिझेलच्या पावत्या आणि गाठींची संख्या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून एका वहीत ठेवावी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १ लाख युनिटांचे सुमारे ७० टन. कोणत्या वर्षाचा गुणांक (युनिटमागचा हा आकडा) घेतला, हे आकड्याशेजारीच लिहावे.

प्रश्न (गोंदिया, राईस मिल): उसना तांदळासाठी बॉयलरमध्ये धानाचे तूस जाळतो. सल्लागार म्हणतात की उत्सर्जन शून्य लिहा.

शून्य लिहू नये. तुसातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जैविक, म्हणजे पिकाने हवेतूनच घेतलेला, असल्यामुळे जीएचजी प्रोटोकॉल आणि आयएसओ या दोन्ही मानकांत तो वेगळा नोंदवायचा असतो. तो लपवायचा नसतो. जळताना थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतो, तो मात्र स्कोप १ मध्ये धरावाच लागतो.

प्रश्न (यवतमाळ, शेतकरी उत्पादक कंपनी): खरेदीदार किलोमागे कापसाचे उत्सर्जन मागतो. युरियाचा हिशेब कसा करायचा आणि तो द्यावा का?

या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण मानकांचा फरक शेतात सर्वांत जास्त जाणवतो. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. हवामान बदलावरील आंतरशासकीय पॅनेलच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यातील १ टक्का थेट जमिनीतून नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जातो असे धरले, तर पोत्यामागे सुमारे ०.३३ किलो वायू होतो. त्याची उष्णता वाढवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पॅनेलच्या चौथ्या अहवालात २९८, पाचव्यात २६५ आणि सहाव्यात २७३ पट दिली आहे. म्हणून तेच पोते, तेच शेत, तोच पाऊस, तरी आकडा कार्बन डायऑक्साइडच्या मापात ९७, ८६ किंवा ८९ किलो येतो. युरियातील कार्बनपासून निघणारा सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला की नाही, यानेही बेरीज बदलते. खताच्या कारखान्यातील उत्सर्जन तर आणखी वेगळे.

माझे मत असे आहे की, आकडा अवश्य द्यावा, पण पोत्यांची खरी संख्या, पेरणीचे क्षेत्र आणि वापरलेला गुणांक यांसह. तो आपण दिला नाही, तर खरेदीदार कुठल्यातरी सरासरीचा आकडा घालेल, आणि ओलिताखालच्या, भरपूर खत खाणाऱ्या प्रदेशाचा भार आपल्या कोरडवाहू कपाशीवर पडेल. कमी खतात पीक काढणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी हा दोष यावा, हे मला मान्य नाही.

प्रश्न (वर्धा, विद्यार्थिनी): एका कंपनीच्या अहवालात ‘प्रति रुपया उलाढाल उत्सर्जन घटले’ असे आहे. हे घटले म्हणायचे का?

त्या ओळीवरून तसे म्हणता येणार नाही. बीआरएसआरमध्ये उलाढालीच्या रुपयामागचे उत्सर्जन द्यावे लागते, त्यामुळे भाव वाढले की धूर तेवढाच राहूनही हा आकडा खाली येतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलमागे १०,००० रुपयांच्या वर गेला होता. त्या वर्षी उलाढालीवर काढलेले प्रमाण सुधारलेले दिसले, तरी त्यावरून यंत्रे किती वीज खात होती हे कळत नाही. एकूण टन आणि १७० किलोच्या गाठीमागचे उत्सर्जन, हे दोन्ही अहवालात शोधावेत, आणि नसतील तर कंपनीला पत्र लिहून मागावेत.