फ्रेंच की फॅशन मर्चंडायझिंग?

प्रश्न : बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीला फ्रेंच होतं. पुढे फ्रेंच करू की फॅशन मर्चंडायझिंग? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मर्चंडायझिंग म्हणजे कपड्यांची चित्रं काढणं नव्हे, ऑर्डरप्रमाणे माल तयार करून वेळेत पाठवण्याचा हिशेब! १,००० शर्टांना प्रत्येकी १.६ मीटर कापड, वर ५ टक्के घट (वाया जाणारं कापड), म्हणजे १,६८० मीटर मागवायचं. घट धरायला विसरलात की साधारण ४८ शर्ट कमी पडतात आणि शिपमेंट अडकते. बी.कॉम.वाल्यांना हे जमतं. निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंटला कोणत्याही शाखेची पदवी चालते. फ्रेंच सोबत चालू ठेवा, पण नुसत्या ए१ या पहिल्या पातळीवर थांबू नका, डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी२ पातळी गाठा. त्यात १०० पैकी ५० हवेत, शिवाय ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत २५ पैकी किमान ५. बोलण्याचा सराव टाळणारे नेमके तिथेच अडकतात.