‘वेग घेणे’, ‘त्वरण’ आणि गाडीचा ‘जोर’

प्रश्न असा: गाडी ‘वेग घेते’ असं आपण म्हणतोच, मग पाठ्यपुस्तकातलं ‘त्वरण’ त्याहून वेगळं काय सांगतं? आणि ‘बल’ म्हणजे गाडीचा ‘जोर’च ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच आहे. ‘वेग घेते’ यातलं ‘घेते’ म्हणजे त्वरण. गाडी उभ्या जागेवरून १० सेकंदांत ताशी १०० किलोमीटरवर गेली, तर तिचा वेग सरासरी दर सेकंदाला ताशी १० किलोमीटरने वाढला. वेगाच्या मापात काळ एकदाच येतो, इथे तो दोनदा आला: एकदा ‘ताशी’, एकदा ‘दर सेकंदाला’. पुस्तकातल्या ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ या एककातला ‘वर्ग’ तो हाच.

हे डोळ्यांनी पाहता येतं. गाडीतल्या आरशाला दोऱ्याने एखादी किल्ली टांगा, चालवायचं काम दुसऱ्याकडे द्या आणि शेजारी बसून किल्लीकडे बघा. वरच्या उदाहरणात वेग एकसारखा वाढत असेल, तर दोरा सुमारे १६ अंश मागे कलतो. काटा १०० वर स्थिरावला की किल्ली सरळ खाली लोंबते, गाडी उभी असताना लोंबत होती अगदी तशी. ब्रेक लागला की पुढे झुकते. वळणावर तर काटा जागचा हलत नाही, तरी ती बाहेरच्या बाजूला जाते. भौतिकशास्त्रातल्या वेगाला दिशाही असते, आणि नुसती दिशा बदलली तरी ते त्वरणच. दिशा सोडून फक्त आकडा सांगायचा असेल तर पुस्तकं ‘चाल’ म्हणतात. स्पीडोमीटर दाखवतो ती चाल.

घोळ होतो त्याचं कारण शब्दाच्या कुळात आहे. ‘त्वरण’ संस्कृत ‘त्वर्’ धातूचं. त्वरा, त्वरित, सत्वर ही त्याची भावंडं. सगळ्यांत घाई भरलेली. त्यामुळे ‘त्वरण जास्त’ म्हटलं की कानाला ‘गाडी भरधाव’ असं ऐकू येतं, आणि ब्रेक दाबतानाही त्वरण असतं हे पटत नाही. म्हणून तिथे ‘ऋण त्वरण’ किंवा ‘मंदन’ म्हणावं लागतं. मराठी विश्वकोशात भेटणारा ‘प्रवेग’ मला जास्त आवडतो, कारण त्यात ‘वेग’ उघड दिसतो आणि नातं लगेच कळतं. पण शाळेत ‘त्वरण’ रुळलं आहे, ते आता हलवण्यात अर्थ नाही.

आता ‘बल’. हे ‘बळ’च, पण संसार वेगळा. बळ अंगात असतं. भौतिकशास्त्रातलं बल कुणाच्या अंगात नसतं, एक वस्तू ते दुसरीवर लावते. म्हणून ‘गाडीत बल आहे’ हे वाक्य शास्त्राच्या भाषेत बसत नाही; ‘गाडीवर बल लागतं’ हे बसतं. आणि लावतो कोण? रस्ता. चाकं रस्त्याला मागे रेटतात, रस्ता त्यांना पुढे रेटतो. चिखलात चाक जागीच फिरतं तेव्हा इंजिन तेच असतं, रेटणारा रस्ता नसतो. १२०० किलोच्या गाडीला वरचं त्वरण द्यायचं तर सुमारे ३३०० न्यूटन निव्वळ बल हवं. ‘निव्वळ’ हा शब्द गाळू नये. ताशी १०० च्या स्थिर वेगाने जातानाही रस्ता गाडीला पुढे रेटतच असतो, पण हवेचा आणि टायरचा अडथळा तेवढंच मागे खेचतो, म्हणून वेग वाढत नाही.

गॅरेजमध्ये ‘पिकअप नाही’ म्हणतात ते त्वरणाबद्दल. ‘गाडी ओढत नाही’ हे बलाच्या सगळ्यात जवळचं. टॉर्क मात्र बल नव्हे, तो फिरवण्याचा पीळ. समजा इंजिनाचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर आहे आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो पीळ एकूण १४ पट होऊन चाकांशी पोचला, तर वाटेतला तोटा सोडून रस्त्यावर सुमारे ४७०० न्यूटन मिळतात. पाचव्यात तो जेमतेम ३.२ पट झाला, तर सुमारे ११००. इंजिन तेच, टॉर्क तोच, ओढीत मात्र चौपटीहून जास्त फरक.

‘जोर’ या सगळ्यांवर पांघरूण घालतो. ‘गाडीला जोर आहे’ यात कधी टॉर्क असतो, कधी शक्ती, म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये मोजतात ती. ‘चढावर इंजिनाला जोर पडतो’ यात भार. आणि ‘गाडी जोरात चालली आहे’ म्हटलं की उरते नुसती चाल, जिच्यासाठी निव्वळ बल शून्य असलं तरी चालतं. बोलताना ‘जोर’ खुशाल वापरा, संदर्भ अर्थ सांभाळून घेतो. गणिताच्या उत्तरात मात्र ‘बल’च लिहा, आणि ते कोणी कोणावर लावलं तेही.