चिमणीच्या दरजा: कुठवर आपण, कुठून गवंडी

धुराच्या चिमणीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, स्वतः भरावेत की गवंडी बोलवावा, असं विचारलंत. न्यू जर्सीतलं तुमचं घर जुनं आहे म्हणता, तर आधी चिमणी कुठवर बिघडलीय ते बघा. विटा शाबूत असतील, फक्त सांध्यांतला माल (विटा जोडणारं मिश्रण) भुसभुशीत झाला असेल आणि परांचीवरून नीट हात पोचत असेल, तर दरजा जरूर स्वतः भरा. सांधा पाऊण इंच खोल खरवडा, धूळ झाडा, विटा ओलसर करा आणि माल थराथराने दाबून भरा. थंडीआधी उरका, पारा 40 फॅरनहाइटखाली गेला की माल नीट धरत नाही.

मालाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. कडक सिमेंट म्हणजे मजबूत काम, हा समज इथे घात करतो. 1930च्या आधीचं घर असेल तर विटा बहुधा मऊ आणि मूळ माल चुन्याचा. त्यात कडक सिमेंट भरलं की ओल सांध्यातून सुटत नाही, विटेत अडकते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचे पापुद्रे निघतात. सांधा परत भरता येतो; फुटलेली वीट काढूनच बदलावी लागते.

चिमणी कलली असेल, विटा हलत असतील किंवा आतल्या लायनरला (धूर वाहून नेणाऱ्या अस्तराला) तडा असेल, तर हात लावू नका. अशा चिमणीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो आणि त्याला वासही नसतो. उतरत्या छपरावरचं कामही माहीतगारालाच द्या. कोटेशनआधी कॅमेऱ्याने आतली तपासणी करून घ्या, फोटो मागा, कोणता माल वापरणार ते लेखी घ्या आणि त्याच्या विम्याचा कागद बघितल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका.