वाटाड्या जहाजावरचा चकवा

एका चित्रप्रदर्शनाची माहितीपुस्तिका मराठीत करणाऱ्या वाचकानं विचारलं आहे: 'डॅझल कॅमोफ्लाज' म्हणजे 'झगमगतं छलावरण' चालेल का?

माझ्या मते नाही. 'छलावरण' हिंदीतलं, आपल्याकडे 'छद्मावरण', 'मायावरण' आहेत. पण तेही इथे बसत नाहीत, कारण पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांपासून वाचवण्यासाठी या पद्धतीनं रंगवलेल्या जहाजांना काही झाकायचंच नव्हतं. समुद्राचा आणि आभाळाचा रंग सतत पालटतो, वर धुराडं धूर ओकतंय. जहाज लपणार कुठे? म्हणून १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश सागरचित्रकारानं लपवण्याचा नादच सोडला आणि जहाजांवर तिरपे, ठळक, एकमेकांना छेदणारे पट्टे रंगवायला सुचवलं. पाणबुडीला टॉर्पेडो सोडायचा तो जहाज आत्ता जिथे आहे तिथे नव्हे, थोड्या वेळानं जिथे पोचेल तिथे. त्यासाठी पेरिस्कोपमधून त्याचा रोख ताडायचा. पट्ट्यांमुळे नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, नेमकी कुठे वळली आहे हेच कळेनासं व्हावं, ही युक्ती.

थोडक्यात, जहाज लख्ख दिसतं, दिशा तेवढी चुकते. याला मराठीत आयता शब्द आहे: चकवा. चकवा लागलेल्या माणसाला झाडं, वाट, सगळं दिसत असतं. फक्त आपण कुठे चाललोय ते कळत नाही. म्हणून मी 'चकवारंग' किंवा 'चकवापट्टे' म्हणेन. 'हुलकावणी'ही मनात आली होती, पण हुलकावणी द्यायला अंग हलवावं लागतं. इथे जहाज आपल्या वाटेनं सरळ चाललेलं असतं. आणि 'झगमगतं' तर मुळीच नको, तो रंग काही चमकत नव्हता.

त्या जहाजांच्या धर्तीवर केलेल्या आजच्या कलाकृतींना हा शब्द जास्तच शोभतो. चित्रकार कार्लोस क्रूझ-दिएझ यांनी २०१४ मध्ये लिव्हरपूलच्या सुक्या गोदीत 'एडमंड गार्डनर' हे जुनं जहाज रंगीत पट्ट्यांनी मढवलं. ते पायलट जहाज, म्हणजे इतर जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांचं. वाटाड्याच्याच अंगावर चकवा! ही गंमत 'छद्मावरणा'त हाती लागत नाही.

चित्रकार टाउबा आउअरबाख यांनी २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'जॉन जे. हार्वी' या जुन्या अग्निशमन बोटीवर लाल-पांढरी नक्षी चढवली. तिथे मात्र पट्टे म्हणू नका. द्रवावर रंग तरंगवून, त्यात फणी फिरवून ती नक्षी आधी कागदावर उतरवली होती, आणि त्याला आपल्याकडे 'अबरी' म्हणतात. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या आत असायची तीच.

राहता राहिलं चित्रकार पीटर ब्लेक यांनी रंगवलेल्या, लिव्हरपूलच्या मर्सी नदीवरच्या फेरीबोटीचं नाव, 'एव्हरीबडी रॅझल डॅझल'. त्यातला यमकाचा ठेका मला मराठीत साधलेला नाही. ते देवनागरीत तसंच ठेवा.