ताण येतो, पण तो ओसरतो का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ताणाविषयी शिरपूर, रावेर, भुसावळ आणि जळगाव येथून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. चौघांच्याही ताणाची जात वेगळी असल्यामुळे उत्तरेही वेगळी आहेत.

प्रश्न (शिरपूर) : मी दुसऱ्यांदा ‘नीट’ची तयारी करीत आहे. सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट बिघडते, हात गार पडतात, छातीत धडधडते. या ताणाने मी आजारी पडेन का?

उत्तर : तुम्ही लिहिले आहे तो तात्कालिक ताण आहे आणि तो सहसा आजारी पाडत नाही. समोर काही महत्त्वाचे उभे राहिले की अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक काही सेकंदांत रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, आतड्यांकडचे व त्वचेकडचे रक्त स्नायूंकडे वळते. म्हणून पोट बिघडते आणि हात गार पडतात. परीक्षा संपल्यावर भूक लागत असेल आणि रात्री झोप येत असेल, तर काळजीचे कारण नाही. थोडा ताण लक्ष एकवटायला मदतच करतो. मात्र धास्तीपोटी तुम्ही सराव परीक्षाच टाळू लागलात, तर समुपदेशकाला अवश्य भेटा, कारण टाळल्याने तेवढ्यापुरते हायसे वाटते आणि पुढच्या वेळी भीती अधिक वाढून येते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘नीट’ परीक्षा मे महिन्यात भर दुपारी असते आणि आपल्याकडे तेव्हा पारा ४३-४४ अंशांवर असतो. शरीरातले पाणी कमी झाल्यानेही धडधड होते व गरगरते, त्यामुळे सगळेच भीतीच्या खात्यावर टाकू नका.

प्रश्न (रावेर तालुका) : गेल्या जूनच्या वादळात कटाईवर आलेली आमची केळीची मृगबाग (मृगाच्या सुमारास लावलेली बाग) आडवी झाली. पंचनामा झाला, नवी लागवडही झाली. पण वडील सावरले नाहीत. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात, ताटात अर्धे अन्न राहते, पित्त उसळते, रक्तदाबही वाढला आहे. विचारले तर “काही नाही” एवढेच म्हणतात.

उत्तर : वादळ अर्ध्या तासात गेले असेल, पण वर्षभराची मेहनत, सोसायटीचे कर्ज, भरपाईची वाट पाहणे आणि नवा घड हाती येईपर्यंतचे अकरा-बारा महिने हे सारे तुमच्या वडिलांसमोर रोज उभे आहे. हा दीर्घकालीन ताण. ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की इजा कोणत्याही प्रकारची असो, ती चालूच राहिली तर शरीरात सारखेच बदल होतात : मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, प्रतिकारशक्तीशी निगडित अवयव आकसतात, जठरात व्रण पडतात. आधी धोक्याची सूचना, मग तग धरणे आणि शेवटी थकून जाणे, असे तीन टप्पे त्यांनी मांडले. माणसात कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्री कमी असते आणि पहाटे चढू लागते. ताण लांबला की ही लय बिघडू शकते, झोप तुटते, रक्तदाब व साखर वाढते, विसराळूपणा येतो. त्यातही जी गोष्ट आपल्या हातात नाही तिचा ताण सर्वांत जास्त पोखरतो, आणि वादळ कुणाच्याच हातात नसते.

तरीही मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्यांच्या पहाटेच्या जागेपणाची. पहाटे लवकर जाग येणे, भूक मरणे आणि अबोल होणे ही नैराश्याचीही लक्षणे आहेत, आणि ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली असतील तर तपासणी लांबवू नये. शांत वेळ पाहून त्यांच्याजवळ बसा आणि “जीव नकोसा वाटतो का?” असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट अनेकांना बोलण्याची वाट मिळते. घरात किंवा शेतातल्या खोलीत फवारणीची औषधे असतील तर ती आजच कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो आणि त्या वेळी औषध हाताशी नसेल तर जीव वाचतो, म्हणून हे मी कळकळीने लिहीत आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते. तपासणीबरोबरच कर्जाचे आकडे व तारखा त्यांच्यासोबत कागदावर मांडा. जे मोजता येते ते निदान रात्रीच्या अंधारात वाढत नाही.

प्रश्न (भुसावळ) : माझे पती लोको पायलट आहेत. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या गाडीखाली एक माणूस आला. आता ती जागा जवळ आली की त्यांना घाम फुटतो, शिट्टीच्या आवाजाने दचकतात, घरात तुटक वागतात. सोबतचे म्हणतात, सवय होईल.

उत्तर : हा आघातजन्य ताण आहे आणि तो सवयीवर सोडून देऊ नये. धावती गाडी जागच्या जागी थांबत नाही. ब्रेक लावूनही डोळ्यांदेखत काहीच करता आले नाही, ही असहायता आणि अकारण वाटणारा अपराधीपणा त्यांना छळत असेल. पहिल्या काही आठवड्यांत असे होणे स्वाभाविक असते आणि बहुतेकांचे ते आपोआप निवळते. महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिला, दचकणे व टाळणे चालू राहिले, तर तो आघातोत्तर ताणाचा विकार असू शकतो. त्यावर आघातकेंद्रित मानसोपचार उपयोगी पडतात, काहींना औषधेही लागतात. तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगण्याचा आग्रह धरू नका. ते बोलतील तेव्हा मध्ये न तोडता ऐका. झोपेसाठी दारूचा किंवा स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळीचा आधार नको. गाडी चालवण्याची जबाबदारी असल्यामुळे प्रत्येक औषधाची माहिती रेल्वेच्या डॉक्टरांना असलीच पाहिजे.

प्रश्न (जळगाव) : माझा मधुमेह ताणामुळेच झाला का? योगासने करून गोळ्या बंद करू का?

उत्तर : केवळ ताणाने मधुमेह होतो असे म्हणता येत नाही; आनुवंशिकता, वजन आणि बैठे काम यांचा वाटा मोठा असतो. ताणात साखर वाढते हे मात्र खरे. योगासने जरूर करा, गोळ्या चालू ठेवा. मात्रा कमी करायची का, हे साखरेचे अहवाल पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील.