मायटोकॉन्ड्रिया, कॅल्शियम आणि कंपवात : मुलीने या संशोधनाची वाट धरावी का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमची मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातील सूक्ष्म घटक) आणि कॅल्शियमचे संदेशवहन या विषयात पीएच.डी. करून तिला मेंदूच्या झिजेच्या आजारांवर काम करायचे आहे, आणि या ओढीचे मूळ तुमच्या वडिलांच्या कंपवातात (पार्किन्सनच्या आजारात) आहे, असे तुम्ही लिहिले आहे. हा निर्णय भावनेच्या भरात तर घेतला जात नाही ना, वैद्यकीय पदवी नसताना अशा संशोधनात तिला स्थान मिळेल का, आणि ती स्वतःच्या पायांवर केव्हा उभी राहील, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. त्यांपैकी पहिला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून माझ्या उत्तराचा मोठा भाग त्याच्याच वाट्याला जाईल.

आधी विषयाबद्दल थोडे सांगतो, कारण त्यावाचून मुलीच्या निवडीचे मोल ठरवता येणार नाही. पेशीच्या आत मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण सुमारे 100 नॅनोमोलर इतके अल्प राखलेले असते, तर पेशीबाहेर ते त्याच्या दहा हजारपट असते. या प्रचंड तफावतीमुळे पेशीच्या पटलातली, म्हणजे तिच्या पातळ आवरणातली, एखादी वाट क्षणभर उघडली तरी आत कॅल्शियमची लाट उठते आणि पेशी तिचा अर्थ संदेश म्हणून लावते. मायटोकॉन्ड्रियाच्या आतील पटलावर सुमारे 150 ते 180 मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब असतो. आतली बाजू ऋणभारित असल्याने धनभारित कॅल्शियम तिकडे ओढले जाते. थोडे कॅल्शियम आत गेले की ऊर्जा निर्माण करणारी काही एन्झाइम्स वेगाने काम करू लागतात, म्हणजे पेशीला काम वाढल्याची वर्दी मिळते त्याच वेळी ऊर्जेचा पुरवठाही वाढतो. मात्र तेच कॅल्शियम प्रमाणाबाहेर साचले तर आतील पटलात छिद्रे उघडतात, विद्युतदाब कोसळतो आणि पेशी मरणपंथाला लागते. ऊर्जा पुरवणारी आणि मरणाचा निर्णय घेणारी जागा एकच असावी, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

चेतापेशींसाठी हा समतोल विशेष नाजूक असतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे पाचवा भाग वापरतो. कंपवातात ज्या पेशी मरतात, त्या मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातील डोपामिन (हालचालींच्या नियंत्रणासाठी लागणारे मेंदूतील संदेशवाहक रसायन) तयार करणाऱ्या पेशी, बाहेरून चेतना मिळो वा न मिळो, स्वतःच्याच लयीत स्पंद देत राहतात. प्रत्येक स्पंदासोबत त्यांच्यात कॅल्शियम शिरते आणि ते बाहेर काढण्यासाठी त्यांना ऊर्जा खर्चावी लागते. मायटोकॉन्ड्रियावर असा अखंड ताण असल्यामुळेच इतर चेतापेशींच्या आधी या पेशींचा बळी जात असावा, असे अनेक संशोधकांना वाटते.

या संबंधाला पुरावा आहे. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांना अल्पावधीत कंपवाताने जखडले, आणि त्यामागे अमली पदार्थ बनवताना नकळत तयार झालेले एमपीटीपी नावाचे रसायन असल्याचे उघड झाले. ते मेंदूत रूपांतरित होऊन डोपामिनच्या पेशींत शिरते आणि मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतील, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतील, पहिला टप्पा, कॉम्प्लेक्स १, बंद पाडते. 1989 मध्ये प्रत्यक्ष रुग्णांच्या सब्स्टॅन्शिया नायग्रातही याच टप्प्याची कार्यक्षमता घटलेली आढळली. आनुवंशिक कंपवाताशी निगडित असलेली पार्किन आणि पिंक१ ही जनुके अनुक्रमे 1998 आणि 2004 मध्ये सापडली, आणि दोन्हींचा संबंध बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाची विल्हेवाट लावण्याशी असल्याचे पुढे दिसून आले. पिंक१ नसलेल्या चेतापेशींत मायटोकॉन्ड्रियातून कॅल्शियम बाहेर पडण्याची क्रिया मंदावते, असेही 2009 मध्ये दाखवण्यात आले. तेव्हा मुलीने निवडलेला विषय क्षणिक आकर्षणाचा नाही, याबद्दल तुम्ही निश्चिंत असावे.

माझी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. वर सांगितलेल्या तर्काला धरून, डोपामिनच्या पेशींत शिरणारे कॅल्शियम रोखणारे औषध दिले तर आजाराची वाढ मंदावेल, असा विचार पुढे आला. इस्राडिपीन हे त्यासाठी निवडलेले औषध रक्तदाबावर आधीपासूनच वापरात होते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. मग कंपवाताच्या सुरुवातीच्या अवस्थेतील 336 रुग्णांवर तीन वर्षे चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या रुग्णांच्या आजाराच्या गतीत फरक आढळला नाही. मायटोकॉन्ड्रियाला बळ देईल म्हणून ज्यावर मोठी आशा होती, त्या कोएन्झाइम क्यू१० ची 600 रुग्णांवरील चाचणीही अशीच निष्फळ ठरली. यातून मूळ तर्क खोटा ठरतो असे नाही. लक्षणे दिसू लागेपर्यंत पुष्कळ पेशी मेलेल्या असतात, आणि औषध योग्य जागी पुरेशा प्रमाणात पोहोचले का, हाही प्रश्न उरतो. परंतु कॅल्शियमचा बिघाड आजार घडवतो, की आजाराने खंगलेल्या पेशीत तो नंतर उद्भवतो, याचा निवाडा अजून झालेला नाही. तुमच्या मुलीचे सारे संशोधक-आयुष्य याच एका प्रश्नाभोवती जाऊ शकते.

म्हणून तिला तुम्ही एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर देण्यासाठी तिला सवड द्यावी. आजोबांचा आजार तिच्या हयातीत बरा झाला नाही, तरी मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम कसे शिरते आणि कसे बाहेर पडते, हे शोधण्यात तिला रस वाटत राहील का? वाटेल असे तिचे मन सांगत असेल, तर आजोबांवरचे प्रेम या कामाची सुरुवात म्हणून पुरेसे शुद्ध आणि पुरेसे बळकट आहे. पण आजार बरा करणे हाच तिचा एकमेव आधार असेल, तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिची फार ओढाताण होईल, कारण प्रयोगशाळेतला दिवस रुग्णापासून बराच लांब जातो.

तो किती लांब जातो, याचे एक उदाहरण देतो. मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम शोषून घेतात, हे 1960 च्या दशकाच्या आरंभीच प्रयोगांनी सिद्ध झाले होते. परंतु ज्या प्रथिनातून ते आत जाते, त्या वाहिनीचे जनुक 2011 मध्ये सापडले. दोन स्वतंत्र गटांनी ते एकाच वेळी जाहीर केले. मधली पन्नास वर्षे शास्त्रज्ञ एका अनोळखी वाहिनीचे गुणधर्म मोजत राहिले. अखेरीस मदतीला आले एक साधे निरीक्षण : ही क्षमता पृष्ठवंशी प्राण्यांत आणि ट्रिपॅनोसोम या परजीवीत आहे, पण यीस्टमध्ये नाही. तेव्हा पहिल्या दोहोंत असलेली आणि यीस्टमध्ये नसलेली प्रथिने चाळली गेली. त्यातून आधी 2010 मध्ये या वाहिनीचे नियमन करणारे प्रथिन आणि मग स्वतः वाहिनी सापडली. गंमत पुढे आहे. 2013 मध्ये ही वाहिनी अजिबात नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा ते जगणार नाहीत अशी अनेकांची अटकळ होती. ते जगले, आणि त्यांच्यातील दोष अपेक्षेपेक्षा सौम्य निघाले. ही हकिकत मुलीला सांगा आणि तिचा चेहरा पाहा. ती खट्टू झाली तर विचार करायला हवा. ‘मग उंदीर जगले कसे?’ असे तिने लगेच विचारले, तर माझ्या मते निम्मे उत्तर तुम्हाला मिळाले.

आवडीइतकाच महत्त्वाचा असतो मोजमापाविषयीचा काटेकोरपणा. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे प्रयोगशाळेत काढली आहेत, आणि या क्षेत्रात हुशार विद्यार्थी नेमके कोठे अडखळतात हे मी जवळून पाहिले आहे. मायटोकॉन्ड्रियातील कॅल्शियम मोजण्यासाठी रॉड-२ नावाचे चकाकणारे रंगद्रव्य वापरतात. ते स्वतः धनभारित असल्याने विद्युतदाबामुळेच मायटोकॉन्ड्रियात गोळा होते. रुग्णाच्या पेशीत तो दाब मुळातच उतरलेला असेल तर रंगद्रव्यच कमी शिरते, चमक कमी दिसते, आणि घाईत असलेला विद्यार्थी ‘कॅल्शियम कमी आहे’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. त्याचप्रमाणे भरपूर ग्लुकोज असलेल्या द्रावणात वाढवलेल्या पेशी मायटोकॉन्ड्रिया पंगू असतानाही केवळ ग्लुकोजवर तग धरतात, आणि सारे आलबेल असल्याचा भास होतो. त्यांना ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिल्यावर खरी स्थिती कळते. आपल्या निष्कर्षाला दुसरे कोणते स्पष्टीकरण असू शकेल, हे स्वतःहून शोधण्याचा स्वभाव तिच्यात आहे का, हे तिच्या सध्याच्या मार्गदर्शकांना विचारावे. गुणपत्रिकेतून ते कळत नाही.

वैद्यकीय पदवीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ती लागत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतदाब ऊर्जेत कसा रूपांतरित होतो, याचा सिद्धान्त 1961 मध्ये मांडणारे आणि त्यासाठी 1978 चे नोबेल पारितोषिक मिळवणारे पीटर मिचेल हे जीवरसायनशास्त्रज्ञच होते. एमपीटीपीचा धागा मात्र मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांच्या हाती रुग्णांना तपासताना लागला, हेही खरे आहे. रुग्णालयाशी नियमित देवाणघेवाण असलेला संशोधनगट निवडल्यास ही बाजूही तिला मिळेल. रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी तयार करण्याचे तंत्र मानवी पेशींसाठी 2007 पासून उपलब्ध झाल्याने हे दोन्ही जग आता पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आले आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला कदाचित रुचणार नाही, पण ते लपवणे योग्य होणार नाही. पीएच.डी.ला साधारण चार ते सहा वर्षे लागतात. त्या काळात शिष्यवृत्ती मिळते, पण ती पगाराची बरोबरी करीत नाही. त्यानंतर पोस्ट-डॉक्टरल संशोधनाची दोन ते पाच वर्षे, कधी त्याहून अधिक, धरावी लागतात, आणि एवढे करूनही स्वतःची प्रयोगशाळा बहुतेकांना मिळत नाही. प्राध्यापकपद हेच एकमेव यश मानले, तर हा मार्ग धोक्याचा आहे. परंतु या विषयातले कौशल्य अन्यत्रही लागते. नवे औषध मायटोकॉन्ड्रियाला अपाय करते का, हे औषधकंपन्यांना आरंभीच तपासावे लागते. आनुवंशिक मायटोकॉन्ड्रियल आजारांच्या निदानकेंद्रांना असे तज्ज्ञ हवे असतात. प्रगत सूक्ष्मदर्शक केंद्रे, पेटंट-परीक्षण आणि शास्त्रीय संपादन हीही क्षेत्रे आहेत. त्यासाठी तिने पीएच.डी.च्या काळातच संख्याशास्त्र आणि प्रतिमांच्या विश्लेषणासाठी लागणारे प्रोग्रॅमिंग नीट शिकून घ्यावे. हे शिक्षण पुढे ढकलणाऱ्यांना मी पस्तावताना पाहिले आहे.

आता लगेच करण्याजोगे एकच काम सुचवतो. पीएच.डी.चा अर्ज करण्याआधी तिने सहा महिने ते वर्षभर अशा गटात प्रकल्प-सहायक म्हणून काम करावे, जिथे ऑक्सिजनचा वापर, पटलावरचा विद्युतदाब आणि कॅल्शियम या तिन्ही गोष्टी एकाच पेशीसंवर्धनावर मोजल्या जातात. गटाच्या नावात कंपवात किंवा अल्झायमर हे शब्द असलेच पाहिजेत, असा आग्रह तिने धरू नये. यकृत किंवा हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियावर उत्तम पाया घालून मग चेतापेशींकडे येणे हा मला अधिक भक्कम मार्ग वाटतो. गटप्रमुखांना पत्र लिहिताना आजोबांचा उल्लेख एका वाक्यात पुरे. उरलेल्या पानात त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातील एक आकृती घेऊन, तिच्यातून निघणारा पुढचा प्रयोग तिने स्वतःच्या शब्दांत मांडावा. भेटीला बोलावणे आले, तर गेल्या काही वर्षांत तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे आहेत आणि त्यांना किती वर्षे लागली, हे गटप्रमुखांखेरीज तिथल्या विद्यार्थ्यांनाही तिने स्वतंत्रपणे विचारावे. हे पत्र तिने लिहून काढले की पाठवण्याआधी मला दाखवावे, मी ते आनंदाने वाचेन.