तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के नव्हेत

वहिनी, तुमचा मेसेज सावकाश वाचला. जूनमध्ये तुम्ही कोल्हापूर सोडून इकडं अमेरिकेत रॅलेजवळ राहायला येताय, मुलगी आत्ता तिसरीत आहे. गृहपाठ किती असतो, मार्क कसे देतात आणि येण्याआधी इंग्रजी-गणिताचा क्लास लावू का, असं तुम्ही विचारलंय. आम्हाला नॉर्थ कॅरोलिनात येऊन नऊ वर्षं झाली. थोरला मंगळवार पेठेतल्या शाळेत पहिली करून आला आणि इथं दुसरीत बसला. त्याच्या बाबतीत माझ्याकडून जे चुकलं ते तुमच्याकडून होऊ नये, म्हणून जरा लांबण लावते.

आधी मार्कांचंच सांगते, कारण माझी खरी ठेच तिथंच लागली. आमच्या जिल्ह्यात पाचवीपर्यंत शंभरपैकी मार्क नसतात. प्रत्येक विषयाचे बारीक भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागापुढं 1 ते 4 यातला एक आकडा असतो. साधारण नऊ आठवड्यांनी एक, अशी वर्षातून चार प्रगतिपुस्तकं येतात. थोरल्याचं पहिलं आलं तेव्हा त्यात तीन आणि दोन, तीन आणि दोन, एवढंच होतं. मी लगेच मनात हिशेब मांडला: चारपैकी तीन म्हणजे 75 टक्के, चारपैकी दोन म्हणजे 50. पहिलीत सगळीकडं ‘अ-1’ घेऊन आलेलं पोरगं! घरी येईपर्यंत गाडीत मी त्याला इतकं बोलले की तो खिडकीकडं तोंड करून गप्प बसला. ते तोंड मला अजून दिसतं.

पंधरा दिवसांनी बाईंनी पालकांना भेटायला बोलावलं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून पंधरा मिनिटं बोलायचं असतं, एका वेळी एकाच मुलाचे पालक. बाईंनी सांगितलं की तीन म्हणजे या इयत्तेच्या मुलाला जे यायला हवं ते त्याला येतं. पूर्ण येतं. दोन म्हणजे अजून वाटेवर आहे, आणि वर्षाच्या सुरुवातीला दोन बरेच दिसतात. चार क्वचित मिळतो. म्हणजे हा आकडा त्या वर्षाच्या अपेक्षेशी ताडून दिलेला असतो, वर्गातल्या दुसऱ्या पोरांशी नाही. त्याची टक्केवारी काढायला गेलं की सगळा अर्थच बिघडतो.

मग त्यांनी गणिताचा कागद पुढं ठेवला. 47 अधिक 38. आमच्यानं आपल्या पद्धतीनं उभी मांडणी करून, हातचा एक घेऊन 85 लिहिलेलं. उत्तर बरोबर, अक्षर सुबक. खाली मोठा रिकामा चौकोन होता आणि ‘हे उत्तर कसं आलं ते दाखव’ असं लिहिलं होतं. तो चौकोन त्यानं कोराच सोडला होता. त्याचा तो दोन होता. बाई म्हणाल्या, त्याला येतं हे मला दिसतंय, पण त्याला सांगता येत नाही. घरी तुमच्या भाषेत सांगायला लावा, इंग्रजीचं मी बघते.

त्या रात्री ओट्यावर शेंगदाणे घेऊन बसलो. दहा-दहाचे चार ढीग आणि सात सुटे, शेजारी तीन ढीग आणि आठ सुटे. त्यानं आठातले तीन उचलून सातात टाकले, दहाचा नवा ढीग झाला, पाच उरले. “मम्मी, हा ढीग म्हणजेच हातचा!” असं ओरडला. खरं सांगते, हातचा म्हणजे काय हे मलाही तेव्हाच नीट कळलं. मी आयुष्यभर नुसता घेत आले होते.

म्हणून क्लासचं माझं उत्तर: लावू नका. त्याऐवजी येईपर्यंत रोज एक गणित तिला तुम्हाला मराठीत समजावून सांगू दे. पाढे मात्र सोडू नका. वीसपर्यंत पाठ असतील तर इथं चौथीत तिला फार सोपं जाईल. 31 ऑगस्टच्या आत ती नऊ पूर्ण करते म्हणालात, म्हणजे चौथीतच बसेल. थोड्या गोष्टी आधी दाखवून ठेवा: इथं लाखात एकच स्वल्पविराम असतो (1,00,000 नाही, 100,000), तारखेत महिना आधी लिहितात, मापं इंच-फुटात असतात आणि ‘कलर’च्या स्पेलिंगात ‘यू’ नसतो. एवढ्या-तेवढ्यावरून पोरं पहिल्या महिन्यात बावचळतात.

गृहपाठ आपल्या मानानं अगदी थोडा. इथं इयत्तेमागं दहा मिनिटं असा एक प्रचलित हिशेब आहे, म्हणजे चौथीला चाळीस मिनिटं, तीही वाचन धरून. बऱ्याच शाळा लहान वर्गांना वाचनाखेरीज काहीच देत नाहीत. वाचन मात्र रोज वीस मिनिटं ठरलेलं. कोणतं पुस्तक, किती पानं हे तक्त्यात लिहून आपण सही करायची. मला सुरुवातीला हा अभ्यासच वाटायचा नाही. वही नाही, धडा उतरवून काढणं नाही, लाल पेनाचा शेरा नाही. मी आपली घरी वेगळी वही घालून शुद्धलेखन लिहून घ्यायची आणि वाचनाच्या तक्त्यावर न बघताच सही ठोकायची. उलटं करायला हवं होतं. नॉर्थ कॅरोलिनात तिसरीच्या शेवटी वाचन नीट येणं याला कायद्यानंच वजन आहे, आणि तिसरीपासून दरवर्षी वाचन-गणिताची राज्याची परीक्षा असते. वाचन कच्चं राहिलं तर गणितातली शाब्दिक उदाहरणंही अडतात.

गृहपाठाला आकडा सहसा देत नाहीत. चुकलेलं तसंच पाठवा, खोडून बरोबर करून देऊ नका. काय शिकवायचं राहिलंय ते बाईंना त्यातूनच कळतं. प्रकल्पाचंही तेच. आपल्याकडं थर्माकोल आणायला बाप महाद्वार रोडला पळतो आणि रात्री आई चिकटवत बसते. इथं तसं नेलं की बाई मुलालाच विचारतात, हे कसं केलंस? पोराला सांगता येत नाही आणि ते हिरमुसतं.

आठवड्यातून एकदा दप्तरात एक फोल्डर येतो. एका कप्प्यात घरी ठेवायचे कागद, दुसऱ्यात सही करून परत द्यायचे. तो त्याच रात्री उघडा. सहलीचं परवानगीपत्र आम्ही एकदा तसंच ठेवलं आणि थोरला त्या दिवशी दुसऱ्या वर्गात बसून राहिला.

प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म देतात: घरी कोणती भाषा बोलता? आम्हाला एका ओळखीच्या माणसानं ‘इंग्रजी लिहा, नाहीतर पोराला मागं टाकतात’ असा सल्ला दिला आणि आम्ही तसं लिहिलं. अहो, उलट आहे! मराठी लिहिलं तर तिची इंग्रजीची चाचणी घेतात आणि गरज असेल तर त्यासाठी वेगळ्या बाई मिळतात, फुकट. आमच्या पोराचे ते चार-पाच महिने वाया गेले. तुम्ही बिनधास्त मराठी लिहा.

शाळा सरकारी आणि पत्त्यावरून मिळणारी, फी नाही. तुमच्या सासऱ्यांना फुकटच्या शाळेची काळजी वाटते म्हणालात. त्यांना म्हणावं, आपल्या शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. फुकट म्हणून हलकी, असा हिशेब निदान कोल्हापूरकरानं तरी करू नये.

नंबर मात्र इथं नाही. एकाचे आकडे दुसऱ्याला दाखवायला कायद्यानंच बंदी आहे. आमच्या आई अजून फोनवर विचारतात, “कितवा नंबर आला रं?” सुरुवातीला त्याची चुळबुळ व्हायची. आता तो त्यांना वाचत असलेल्या पुस्तकाची गोष्ट मराठीत सांगतो, आणि त्या दुसऱ्या दिवशी पुढं काय झालं म्हणून स्वतः फोन करतात. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, तिसरी-चौथीची मराठीची छापून आणा. परत जायची वेळ आली तर तिला जड जाणार नाही.

धाकट्याचं वय बघून घ्या. 31 ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण झाली तरच किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. तो सप्टेंबरातला आहे, म्हणजे एक वर्ष थांबायचं. त्यासाठी कुणाच्या मागं लागू नका, ते वर्ष त्याला भाषेसाठी उपयोगीच पडेल.

कागद: महापालिकेचा जन्मदाखला इंग्रजीतला, लसीकरणाची सगळी नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक. इथं आल्यावर डॉक्टरांकडून आरोग्यतपासणीचा फॉर्म भरून शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत द्यावा लागतो, त्याची वेळ आधीच घेऊन ठेवू. तिसरीचं प्रगतिपुस्तक हातात आलं की फोटो पाठवा, इंग्रजी भाषांतर मी करून देते. त्यातले बाईंचे शेरेही पाठवा, ते इथल्या बाईंना आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतील.